मुकादमाचं दुखणं

थोरलीने मुकादमाचं डोकं काखेत घट्ट धरलं आणि डॉक्टरांनी त्याच्या पोटाखाली दोन्ही हात घातले. स्टीलच्या टेबलावर त्याचे मागचे पाय घसरत होते. पोट असं सुटलं होतं की बघणाऱ्याला वाटावं, कुत्रा खाऊन-पिऊन सुखी आहे. पण पाठीवरचे केस विरळ झाले होते, मांड्या आटल्या होत्या आणि उभ्या उभ्याच तो धापा टाकत होता.

"पाणी किती पितो?" डॉक्टरांनी विचारलं.

"ठेवाल तेवढं. मी भांडं भरून पाठ वळवते तोवर रिकामं. आणि मग घरभर..." थोरलीने ते वाक्य तिथेच सोडलं. "इतक्या वर्षांत कधी घरात केली नव्हती. आता करतो आणि जाऊन कोपऱ्यात तोंड लपवतो. त्याचं त्यालाच कसंतरी होतं."

"भूक?"

"राक्षसासारखी," दाराशी उभा असलेला तिचा नवरा म्हणाला. "माझी चप्पल खाल्ली. कातडी होती म्हणून मी मनाची समजूत घातली."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्या एका वेळी एकच काम करणाऱ्या बाई होत्या आणि आत्ता त्यांचं सगळं लक्ष बोटांत होतं. बोटं बरगड्यांखाली गेली, थांबली, परत आली.

"खाजेसाठी मी गोळी दिली होती. ती चालूच आहे?"

"हो. रोज सकाळी अर्धी."

"अर्धीच ना?"

थोरलीने मान वर केली. "मी पडदे शिवते, डॉक्टर. बोटभर चुकलं तर पडदा जमिनीवर लोळतो, नाहीतर वर लोंबतो. अर्धी म्हणजे अर्धी."

"तसं नाही. ही गोळी प्रमाणाबाहेर गेली की नेमकं असंच होतं. तहान, भूक, पोट सुटणं, केस जाणं. पण अर्ध्या गोळीने एवढं व्हायला नको." डॉक्टरांनी हात पुसले. "बाहेर जातो का हा? कुणी काही खायला घालतं?"

"दुपारी एक चक्कर मारून येतो. पण बाहेरचं तोंडात धरत नाही. तशी सवयच नाही त्याला."

नवरा भिंतीवरचं मांजरांच्या जातींचं चित्र पाहत होता. वरच्या ओळीतल्या पहिल्या मांजरापासून खालच्या ओळीतल्या शेवटच्या मांजरापर्यंत त्याने सगळी मांजरं नीट पाहून घेतली.

रक्त काढताना मुकादम हूं का चूं बोलला नाही. आपल्याला सोडून बाकी सगळे नीट काम करतायत की नाही, असं बघत राहिला. त्याचं नाव थोरलीच्या आईने ठेवलेलं. पिल्लू असल्यापासून कुणी काही करायला बसलं की हा समोर येऊन बसायचा. स्वतः काडी इकडची तिकडे करायचा नाही, पण काम संपेपर्यंत उठायचाही नाही. आई गेली आणि मुकादम थोरलीकडेच राहिला.

रक्ताचा निकाल आल्यावर डॉक्टरांनी फोन केला. साखर नव्हती. मूत्रपिंडं चांगली होती. यकृत मात्र थकलेलं दिसत होतं.

"मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते," डॉक्टर म्हणाल्या. "कधीकधी तिथे गाठ होते आणि ती नको तेवढं काम करायला लागते. तसं असेल तर गोळी अर्धी असूनही हे सगळं होऊ शकतं. त्यासाठी त्याला दिवसभर इथे ठेवून तपासावं लागेल. पुढच्या आठवड्यात करू. तोपर्यंत त्याला मोकळं सोडू नका, काय खातो ते सगळं तुमच्या डोळ्यांसमोर असू दे. आणि गोळी चालू ठेवा. मनाने बंद करू नका."

"बरं," थोरली म्हणाली, फोन ठेवला आणि गोळ्यांची पट्टी उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या बटणांच्या डब्यामागे टाकली.

"अगं, बंद करू नका म्हणाल्या ना?" नवरा म्हणाला.

"प्रमाणाबाहेर गेली की असं होतं, हेही त्याच म्हणाल्या. मग? विषाची परीक्षा घेत बसू? खाज परवडली. निदान खाजवत का होईना, चालत होता."

नवऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तो गाडी चालवायला शिकवायचा. समोरचा माणूस चुकीच्या बाजूला वळत असला तरी आवाज न चढवायची त्याला सवय होती. रस्त्यावर ती सवय बरी होती.

मुकादमाला शिवणयंत्राच्या पायाशी बांधलं. सकाळ त्याने झोपून काढली. दुपार झाली तसा तो उठला, दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि दोरी ताणून रडायला लागला. थोरलीने यंत्र थांबवलं नाही. "रड," ती म्हणाली. "बरा झालास की जा हिंडायला." बऱ्याच वेळाने तो खाली बसला, पण तोंड दाराकडेच होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्याच्या पुढच्या दुपारी मात्र तो उठला नाही. थोरलीला वाटलं, समजूत पटली.

नंतरच्या सकाळी तिने खाणं समोर ठेवलं तर त्याने वास घेऊन तोंड फिरवलं. पिवळं पाणी ओकला. उभा करायला गेली तर पाय कापडासारखे दुमडले.

"अहो!" तिने हाक मारली. नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला.

मुकादमाला सोफ्याच्या खोळीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं. टपावर 'शिकाऊ चालक' अशी लाल पाटी असलेली ती गाडी नवऱ्याने इतक्या वेगाने हाणली की चौकातला हवालदारही बघत राहिला. शिकाऊच असणार, असं त्याला वाटलं असावं. थोरली मागे बसून मुकादमाचे कान चोळत होती. कान गार पडले होते.

डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली. "ठोके फार मंद आहेत," त्या म्हणाल्या. मग सुई टोचली, सलाईन लावलं, त्याच्या अंगावर ऊबदार चादर टाकली. हे सगळं झाल्यावर त्या वळल्या.

"गोळी बंद केलीत?"

थोरलीने मान हलवली.

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

"ही गोळी म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्याच वस्तूची नक्कल असते. बाहेरून आयतं मिळायला लागलं की शरीर आपला कारखाना बंद ठेवतं. मग आयतं एकदम थांबवलं तर ना बाहेरचं, ना घरचं. म्हणून ती हळूहळू कमी करायची असते." डॉक्टर रागावल्या नव्हत्या. त्या पुन्हा मुकादमाकडे बघत होत्या, कपाळाला आठी घालून. "पण तरीही जमत नाही. अर्धी गोळी बंद केली म्हणून कुत्रा इतका कोसळत नाही. आणि ग्रंथी जास्त काम करत असती तर तो कोसळलाच नसता. म्हणजे गाठबीठ काही नाही. याला याहून बरीच जास्त गोळी मिळत होती, आणि ती सगळीच्या सगळी एकदम थांबली."

"मी दिली नाही जास्त," थोरली म्हणाली.

"तुम्ही दिली असं मी म्हणत नाहीये. याला बांधल्यापासून काय काय थांबलं? तो दुपारी कुठे जात होता?"

"कुठे म्हणजे... असाच. हिंडायला."

"धाकटीकडे," नवरा म्हणाला.

तो अर्ध्या दाढीनिशी सलाईनच्या बाटलीजवळ उभा होता. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं.

"रोज जातो. आई ज्या वेळेला जायच्या ना, त्याच वेळेला. त्याच रस्त्याने. आई गेल्यावरही त्याने फेरी मोडली नाही. शिकणाऱ्यांना घेऊन तिच्या गल्लीतून जातो मी, तेव्हा दिसतो. पायरीवर बसलेला असतो, नाहीतर आत."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"घरात बहिणीचं नाव काढायचं नाही, असं तूच सांगितलं होतंस."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हासुद्धा?"

"तेव्हा बोलायला हवं होतं," नवरा म्हणाला. "गोळीचं माहीत नव्हतं गं. मला वाटलं, जातो, बसतो, येतो. कुणाचं काय जातंय."

डॉक्टरांनी दोघांमध्ये शिरायचं टाळलं. "मला नेमकं काय आणि किती ते कळायला हवं," त्या म्हणाल्या. "लवकर कळलं तर बरं."

"मी फोन करतो," नवरा म्हणाला.

"नको," थोरली म्हणाली. "मी जाते."

गाडीत ती पुढे बसली. धाकटीच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी आपोआप थांबली. नवऱ्याने गिअर पाहिला, किल्ली पाहिली, मग खाली पाहिलं. शिकवणाऱ्याच्या बाजूला जो जादा ब्रेक असतो त्यावर थोरलीचा पाय होता. जरा वेळाने तिने पाय काढला.

धाकटी दातांच्या कवळ्या बनवायची. शहरातले दाताचे डॉक्टर तोंडाचे साचे तिच्याकडे पाठवत आणि ती खिडकीशी बसून त्यात एकेक दात बसवत असे. तिचं दार उघडंच होतं. टेबलावर गुलाबी हिरड्यांची रांग, पांढरे साचे, एका डबीत सुटे दात. दारात सावली पडली तशी तिने वर पाहिलं, आणि हातातला चिमटा खाली ठेवताना डबी कलंडून सगळे दात टेबलभर सांडले.

"मुकादम गेला?" तिने विचारलं.

"नाही. दवाखान्यात आहे."

धाकटीने डोळे मिटून उघडले. "आला नाही इतके दिवस. तुझ्या कोपऱ्यापर्यंत येऊन गेले मी. दोनदा."

"घरी का नाही आलीस?"

धाकटी सांडलेले दात गोळा करायला लागली. थोरलीने उत्तराची वाट पाहिली नाही.

"तू त्याला कसली गोळी देत होतीस?"

"खाजेची." धाकटी उठली आणि खिडकीतल्या कपातून पट्टी काढून आणली. "रक्त येईपर्यंत खाजवत होता इथे बसून. मी त्याला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दिली."

"कुणाला विचारून नेलंस?"

"मला वाटलं, तुझं लक्ष नाही."

"माझं लक्ष नाही?" थोरलीचा आवाज चढला. "रोज सकाळी उठून मी त्याच्या घशात गोळी घालते! हीच! हीच गोळी!"

"मला काय माहीत?"

"विचारायचं होतंस."

"कुणाला?" धाकटी म्हणाली.

बाहेर नवऱ्याने गाडीचा हॉर्न अगदी हळू, विचारल्यासारखा वाजवला. धाकटीने हाताला लागलेलं साच्यांचं प्लास्टर न धुताच चपला घातल्या.

डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरली. "तीच. ताकदही तीच. किती देत होतात?"

"एक. पूर्ण."

"रोज?"

"ते म्हणाले होते, पहिले काही दिवस पूर्ण, मग कमी करा. पण कमी केली आणि पुन्हा खाजवायला लागला तर, म्हणून मी..." धाकटी थांबली.

"म्हणजे अर्धीच्या जागी दीड," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरची आठी गेली. गणित सुटलेल्या माणसाचा चेहरा होता तो. "आता कळलं. आता करता येईल काहीतरी. पण आजचा दिवस जाऊ दे, मगच सांगेन."

तिघंही बाहेरच्या बाकावर बसले. नवरा मध्ये बसला होता, मग पाणी आणायला म्हणून उठला आणि परत आल्यावर कडेला बसला. दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. आत मुकादमाच्या नळीतून थेंब पडताना दिसत होते.

"दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात," नवरा म्हणाला. "आपल्याकडे म्हणसुद्धा उलटी. दोन घरी हादडून आला."

कुणी हसलं नाही. समोरून एक बाई पिंजऱ्यात पोपट घेऊन आली आणि तो सगळा वेळ एकच शिवी देत होता. तो आत गेल्यावर पुन्हा शांत झालं.

"ताई," धाकटी म्हणाली. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "आई माझ्याकडे यायची तेव्हा जेवून यायची का गं?"

"म्हणजे काय? ताटापुढे बसवून, घास घास करून जेववल्याशिवाय मी उंबरा ओलांडू दिला नाही तिला."

"माझ्याकडे आली की म्हणायची, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. मी वाढायचे. पोटभर जेवायची."

थोरलीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"म्हणून मी तुला तसं बोलले," धाकटी म्हणाली.

आई गेली त्या आठवड्यात, घर माणसांनी भरलेलं असताना, दोघी एकमेकींना ते बोलल्या होत्या. तू आईला उपाशी मारलंस. आधी कोण बोललं हे दोघींना वेगवेगळं आठवत होतं. शब्द मात्र तेच होते, दोघींचेही.

"संध्याकाळी घरी यायची," थोरली हळू म्हणाली, "आणि मला सांगायची, धाकटीने पाणीसुद्धा विचारलं नाही. मी परत ताट करायचे."

"आणि जेवायची?"

"जेवायची की."

नवरा घसा खाकरून म्हणाला, "मी त्यांना तपासायला न्यायचो ना. तिथले डॉक्टर दर वेळी ओरडायचे. वजन कमी करा म्हणून."

धाकटीच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की काय ते तिलाही कळलं नसावं, कारण तिने लगेच प्लास्टर लागलेला हात तोंडावर धरला. हात काढला तेव्हा हनुवटीवर पांढरा डाग राहिला होता. थोरलीने तो पाहिला. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, मध्ये राहिलेल्या जागेवरून हात लांब केला आणि तिने तो डाग पुसला, जोरात, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा.

"विसरायची का गं ती?" धाकटीने विचारलं. "की मुद्दाम?"

"काय माहीत."

संध्याकाळ व्हायच्या आत मुकादमाने डोकं उचललं. कोण कोण हजर आहे ते पाहून घेतलं आणि पुन्हा ठेवून दिलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या.

"वाचेल. पण आता घाई नाही करायची. गोळी पुन्हा सुरू होईल आणि थोडी थोडी कमी करत न्यायची, बरेच आठवडे. त्याचा स्वतःचा कारखाना सुरू होईपर्यंत." त्यांनी दोघींकडे पाहिलं. "एक लक्षात ठेवा. गोळी एकाच हातून गेली पाहिजे. कोण देणार?"

"ताई देईल," धाकटी म्हणाली.

"ती देईल," थोरली त्याच वेळी म्हणाली.

डॉक्टरांनी लिहायला घेतलेलं पेन वरच धरलं.

"मी रागाच्या भरात बंद करते," थोरली म्हणाली. "हिचं तसं नाही. आणि दुपारी त्याला तिथे जायचंच असतं. बांधून ठेवलं तरी तोंड तिकडेच. मी नेत जाईन."

मुकादमाचं पोट हळूहळू वर गेलं. पाठीवर आधी लव आली, मग केस. पाण्याचं भांडं दिवसभर पुरायला लागलं. खाज परत आली तेव्हा डॉक्टरांनी वेगळा साबण दिला आणि अंथरूण रोज झटकायला सांगितलं, आणि ती बरीचशी गेली. दुपारी थोरली त्याला पट्ट्याला धरून न्यायची. धाकटी चुरा करून गोळी द्यायची, थोरली पायरीखाली उभी राहून ती पोटात गेलेली बघायची, आणि दोघी कुत्र्याविषयी बोलायच्या. आज नीट चढला पायरी. आज भुंकला पोस्टमनवर. मग थोरली निघून यायची. संध्याकाळी तो आपला आपण परत यायचा.

गोळीचा शेवटचा तुकडा राहिला होता त्या दिवसांतली गोष्ट. थोरली आणि नवरा दुपारी एकत्र जेवले. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, कारण भूक चांगली लागली होती. ताटं विसळून ठेवली, हात पुसले आणि पट्टा घेतला. आता मुकादम तिला ओढत न्यायचा.

धाकटी कामात होती. कुणाची तरी खालची कवळी पुरी व्हायला आली होती. तिने मुकादमाला गोळी दिली, त्याचं तोंड उघडून पाहिलं, आणि परत खिडकीशी जाऊन बसली. मुकादम टेबलासमोर बसला. थोरली पायरीखाली होती. पट्टा गुंडाळून झाला होता. निघायला हरकत नव्हती.

"ताई," धाकटीने मान वर न करता आतून विचारलं, "जेवलीस?"

थोरलीने पायातल्या चपला काढल्या आणि पायरीच्या कडेला नीट लावून ठेवल्या.

"नाही," ती म्हणाली आणि आत गेली.